शब्द: 'केतोवेत काअका' म्हणजे नुसतं गोंदण?

खडूफळा: बायबलच्या लेवीय 19:28 मध्ये अंगावर 'केतोवेत काअका' करायला मनाई आहे; या हिब्रू शब्दांसाठी मराठीत 'गोंदण' लिहिलं तर काही निसटतं का? आणि मेंदी त्यात येते का?

अक्षरवेल: निसटतं ते 'लिखाण'. 'केतोवेत'चा धातू क-त-ब, म्हणजे आपल्या 'किताब'चाच. आजच्या हिब्रूत हाच शब्द, 'क्तोवेत', म्हणजे चक्क घराचा पत्ता! 'काअका' मात्र तनाखमध्ये (हिब्रू बायबलमध्ये) एवढ्या एकाच जागी येतो, म्हणून अर्थ मिश्नेवरून, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहावरून लावायचा. त्यातल्या मक्कोत 3:6 नुसार लिहिलं पण टोचलं नाही, किंवा टोचलं पण लिहिलं नाही, तर फटके नाहीत. शाई, सुरमा किंवा खूण उमटवणारं काहीही वापरून दोन्ही केलं, तरच.

कोनाडा: क्रमावरही मतं आहेत. राशी हा मध्ययुगीन भाष्यकार सांगतो, आधी रंगानं लिहायचं, मग सुईनं किंवा सुरीनं टोचायचं, म्हणजे रंग कातडीखाली उतरतो. रांबामचं (मायमोनिडीज, धर्मनियमांचा मोठा संकलक) उलट: आधी चरा, मग त्यात सुरमा किंवा शाई भरायची. परिणाम एकच, न पुसली जाणारी खूण.

मराठीची एक सोय इथे कामाला येते. 'गोंदणे' आणि 'गोंदवून घेणे' हा फरक शुलहान आरूख या ज्यू नियमग्रंथालाही (योरे देआ विभाग, 180) लागतो. दोषी गोंदणारा, गोंदवून घेणारा सुटतो, पण त्यानं अंग पुढे करून, कातडी ताणून मदत केली तर तोही अडकतो. अर्थात हिब्रूतला 'पातूर' म्हणजे शिक्षेतून सुटका, 'मुत्तार' म्हणजे परवानगी. भाषांतरात या दोघांची सरमिसळ नेहमी होते.

खडूफळा: मग मेंदी?

अक्षरवेल: टोचणंच नाही. रंग वरच्या मृत थरात, दोन-तीन आठवड्यांत गेला. कोकणातल्या बेने इस्राएलांत (मराठी ज्यूंत) लग्नाआधी मेंदी होतेच.

कोनाडा: खरी अडचण भुवयांच्या मायक्रोब्लेडिंगची. बारीक पात्यानं केसासारखे चरे पाडून रंग भरतात, म्हणजे रांबामचीच कृती. पण वर्ष-दोन वर्षांत फिका पडतो. न टिकणारी खूण मूळ मनाईत येते, की पुढे रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) घातलेल्या मनाईत, यावर पोसेकांचं, म्हणजे धर्मनियमांवर निकाल देणाऱ्यांचं, एकमत नाही.

अक्षरवेल: जखमेवर राख लावण्यावरूनही तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेच्या ग्रंथात (मक्कोत 21अ), वाद आहे, कारण ती गोंदल्यासारखी दिसते. त्यातल्याच रव आशी या रब्बीचं उत्तर: जखमच सांगते की हे गोंदण नाही.

खडूफळा: 'टोचून केलेलं लिखाण' असं देतो, कंसात गोंदण.