मदत हवी आहे: अंजनेरीची पॅगोडा मुंगी, प्रजाती कोणती?

नाशिकजवळ अंजनेरीच्या वाटेवर झाडावर लगद्याचं मोठं, तपकिरी घरटं आहे. फांदी हलली की मुंग्या पोट थेट पाठीवर उचलतात. कमरेला दोन गाठी, दुसरी पोटाच्या वरच्या बाजूला जोडलेली. म्हणजे क्रेमॅटोगॅस्टर वंश नक्की. मॅक्रो फोटोंत शृंगिका (डोक्यावरची मिशी) ११ खंडांची, टोकाची गदा (जाड झालेला शेवटचा भाग) ३ खंडांची दिसते, म्हणून ऑर्थोक्रेमा (याच वंशातला, २ खंडांच्या गदेचा) गट बाजूला ठेवला. इथेच अडलंय.

हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे नमुना आणणार नाही, घरटंही उघडणार नाही. फोटोच काय ते. खूप सुंदर वसाहत आहे, तिला नीट नाव मिळावं असं मनापासून वाटतं.

उरलेल्या प्रजाती वेगळ्या करायला नेमकं काय पाहू, छातीमागच्या काट्यांची लांबी की पहिल्या गाठीचा आकार? आणि त्यासाठी फोटो वरून घेऊ की बाजूने?