गावच्या बातम्यांच्या चॅनलने एकाच एमएसओच्या (मोठ्या केबल वितरकाच्या) दावणीला बांधून घ्यावं का?

टॅपऑफ: जिल्ह्याच्या शहरात दोन एमएसओ असले की गावचं चॅनल एकाकडे दिसतं, दुसऱ्याच्या घरांत नाही. केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी यावर शिक्का मारला: प्लॅटफॉर्म सर्व्हिसवरचा, म्हणजे वितरकाने स्वतःच्या केबलवर चालवलेल्या चॅनलवरचा, कार्यक्रम दुसऱ्या वितरकाला द्यायचा नाही. सूट फक्त देवस्थानांसारख्या ठिकाणच्या थेट प्रक्षेपणाला. म्हणजे बातमीदार तुमचे, जाहिराती तुम्ही आणायच्या, पण नोंदणी एमएसओच्या नावावर आणि बॉक्सवरचा नंबरही त्याच्याच हातात. त्याने नंबर हलवला की जाहिरात देणारा सराफ विचारणार, "बंद पडलं का चॅनल?" माझं मत, असा करार करूच नये.

हेडएंड: मग जाणार कुठे? उपग्रहावर बातम्यांचं पहिलं चॅनल चढवायचं तर २० कोटींची नेटवर्थ दाखवावी लागते. प्लॅटफॉर्म सर्व्हिसची नोंदणी चॅनलमागे १ हजार रुपये, तीही एकदाच. राज्यपातळीवर एमएसओला एकूण क्षमतेच्या ५ टक्के अशी चॅनल आणि त्यावर प्रत्येक जिल्ह्याला आणखी २. त्या दोनांतली जागा मिळत असेल तर नखरे कशाला?

टॅपऑफ: दोनच जागा, म्हणूनच तर एमएसओ भाव खातो! ॲनालॉगच्या काळात लोकल ऑपरेटर कंट्रोल रूममध्ये एक मॉड्युलेटर लावायचा, रिकाम्या चॅनलवर चित्र सोडायचा, झालं. आता सगळं एन्क्रिप्ट होऊन येतं. हेडएंडवाल्याला (एमएसओच्या मुख्य सिग्नल केंद्राला) विचारल्याशिवाय पानही हलत नाही.

हेडएंड: एमएसओ भाव खातो हे खरं, पण अर्धं दुखणं चॅनलवाल्यांचंच असतं. ८ मेगाहर्ट्‌झच्या एका क्वाम-६४ वाहकात (अनेक चॅनल एकत्र नेणाऱ्या केबलवरच्या सिग्नलमध्ये) साधारण ३८ एमबीपीएस बसतात. एमपीईजी-४ या चित्र दाबण्याच्या पद्धतीत गावच्या एसडी (साध्या दर्जाच्या) चॅनलला त्यातले २ पुरतात, जागेची अडचण नाही. अडचण फीडची, म्हणजे चॅनलकडून येणाऱ्या चित्र-आवाजाची. मोबाइलवर ३० फ्रेमने शूट करतात आणि २५ फ्रेमच्या एन्कोडरला देतात, मग मिरवणूक अडखळत चालते. स्टुडिओतून साध्या ब्रॉडबँडवर यूडीपी (गळलेला डेटा पुन्हा न पाठवणारी पद्धत) सोडतात. पॅकेट गळली की चित्राचे चौकोन. एसआरटी (गळलेली पॅकेट पुन्हा मागवणारी पद्धत) वापरा, दोन-तीन सेकंद उशीर सोसा आणि अपलोडला फीडच्या दुप्पट वेग ठेवा. आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. जाहिरात लागली की आवाज एकदम वाढतो आणि घरातलं माणूस आधी रिमोट शोधतं.

क्वाम६४: नंबर हलण्याबद्दल एक. हेडएंडवर एनआयटी-एसडीटी टेबल (बॉक्सला चॅनलची यादी आणि नंबर सांगणारी) बदलताना आवृत्ती क्रमांक वाढवला नाही तर बॉक्सला बदल कळतच नाही. ग्राहक पुन्हा स्कॅन करेपर्यंत चॅनल गायब. यात डाव कमी, हलगर्जी जास्त. करारात लिहून घ्या: नंबर बदलायचा तर ३० दिवस आधी कळवायचं आणि जुन्या नंबरवर सूचनेची पट्टी चालवायची.

टॅपऑफ: लिहून देईल असा एमएसओ दाखवा. यूट्यूब मुख्य ठेवा, केबल दुय्यम, हेच बरं. फ्री डिशच्या घरात केबलचं चॅनल तसंही दिसत नाही.

हेडएंड: यूट्यूब जरूर चालवा. सूचनांतलं बंधन दुसऱ्या केबल-डीटीएच वितरकाला कार्यक्रम देण्यावर आहे, यूट्यूब त्यात येत नाही. काही एमएसओ मात्र करारात 'सर्व माध्यमे' असा शब्द घुसवतात. तेवढा खोडून सही करा. पण दुकानातला, हॉटेलातला टीव्ही दिवसभर केबलवर असतो. गावचा जाहिरातदार तोच बघून पैसे देतो, व्ह्यूज मोजून नाही.

क्वाम६४: सही करण्याआधी आणखी एक बघा. एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला आहे का? भागीदारी किंवा एकट्याच्या नावावरचा धंदा असेल तर त्याला स्थानिक बातम्या दाखवता येत नाहीत. शिवाय ९० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवणं नियमाने एमएसओचं काम. २ एमबीपीएसने दिवसाला २१.६ जीबी, म्हणजे ९० दिवसांचे जवळजवळ २ टीबी. हार्ड डिस्क कोणी घ्यायची हे आधीच ठरवा, नाहीतर ती चॅनलवाल्याच्याच गळ्यात पडते.