नवीन पूल झाला, मग जुना आता कोणाचा?

नदीपल्याड:
आमच्या गावाला नवीन पूल होऊन बरीच वर्षं झाली पण जुना दगडी पूल तसाच उभाय, कठडे गेलेत, एका खांबाखालचा भराव वाहून गेलाय तरी बाइक, गुरं सगळं त्यावरूनच जातं कारण शेत तिकडून जवळ पडतं. पावसाळ्यात वर सेल्फीवाले. एका ऑफिसात गेलो तर म्हणे आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे जा, तिकडे पण तेच. पुण्याजवळ कुंडमळ्याला 15 जून 2025 ला इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चार जीव गेले, तिथंही धोक्याचा बोर्ड होताच की. नेमकं कोणाला धरायचं?

घाटपायथा:
बोर्ड वाचून कोण थांबतंय राव, तेही रविवारी.

रिटायर्ड_उपअभियंता:
आधी रस्त्याचा दर्जा बघा. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषद, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम खातं. घोळ कुठे होतो, तर रस्ता वर्गोन्नत होतो म्हणजे वरच्या दर्जात जातो, नवीन पूल थोडा बाजूला बांधतात आणि जुना तुकडा कोणी कोणाला रीतसर देतच नाही. माहिती अधिकारात हस्तांतरणाचं पत्र आणि शेवटचा तपासणी अहवाल मागा. माझं स्पष्ट मत, नवीन पुलाच्या एस्टिमेटमध्येच जुना पाडायचा खर्च धरला पाहिजे, नंतर त्यासाठी बजेटच्या कुठल्याच हेडमधून पैसे निघत नाहीत आणि पूल पाडला म्हणून फीत कापायला कोणी येत पण नाही.

शिवथरकर:
तपासणी अहवालावर फार विसंबू नका. महाडजवळचा सावित्री नदीवरचा 1928 चा पूल 2 ऑगस्ट 2016 ला रात्री दोन एसट्यांसकट गेला, शेजारी दुसरा पूल असून एका बाजूची वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. त्याच मे महिन्यात तपासणीत धोका नाही म्हणाले होते. आणि नंतर नवीन पूल 165 दिवसांत झाला! म्हणजे मनात आलं की होतंय.

रिटायर्ड_उपअभियंता:
बरोबर, नुसतं बघून पाण्याखालच्या पायाचं काही कळत नाही. मालकी ठरेपर्यंत थांबू नका, आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005, कलम 34 खाली कलेक्टरच्या हाताखालचं जिल्हा आपत्ती प्राधिकरण वाहतूक बंद करू शकतं. ग्रामसभेचा ठराव, फोटो जोडून कलेक्टर ऑफिसला अर्ज द्या, पोच घ्या. दोन्ही टोकांना चर मारायला सांगा, बॅरिकेड आठवड्यात बाजूला सरकतात.

नदीपल्याड:
चर मारला तर शेतवाले माझ्याच घरी येतील भांडायला 😅 पण ठराव टाकतो.