रीजन्सी काळातील हेरकथा: नायकाने नायिकेची पत्रे चोरून वाचली असतील, तर तिची क्षमा वाचकाला कशी पटेल?

दौत_आणि_टाक:
नमस्कार. इंग्लंडच्या रीजन्सी काळात, म्हणजे आजारी राजाच्या वतीने युवराज कारभार पाहत होता त्या १८११ ते १८२० च्या काळात, घडणारी एक प्रेमकथा मी गेले वर्षभर लिहीत आहे आणि तिच्या उत्तरार्धात पुरती अडकले आहे. कथा १८१२ सालच्या लंडनमधली आहे. नायिका फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत आईवडिलांबरोबर पळून आलेली आणि लंडनमध्येच वाढलेली. वडील कट्टर राजनिष्ठ, तर मागे राहिलेला थोरला भाऊ आता नेपोलियनच्या सैन्यात अधिकारी. नायक इंग्रज सरकारचा हेर आहे. परकीयांवर नजर ठेवणाऱ्या कचेरीच्या सांगण्यावरून तो या कुटुंबाशी ओळख वाढवतो, टपालाने येणारी भावाची पत्रे उघडून त्यांच्या नकला वरिष्ठांना देतो आणि हे करता करता तिच्या प्रेमात पडतो. तिला सारे समजल्यावरही ती अखेर त्याला क्षमा करते, असे मला दाखवायचे आहे. मसुद्यात तो तिचा जीव वाचवतो आणि ती विरघळते. पण ते प्रकरण वाचताना माझाच त्यावर विश्वास बसत नाही. ही मांडणी इतिहासाला धरून आहे का, आणि क्षमा खरी वाटण्यासाठी कथेत काय घडायला हवे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_नकाशा:
मांडणी इतिहासाला धरून आहे, फक्त पत्रांचा मार्ग बदलावा लागेल. १७९३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये येणाऱ्या प्रत्येक परकीयाला नावनोंदणी सक्तीची झाली आणि त्यातूनच आपण म्हणता ती कचेरी उभी राहिली. टपाल खात्यातही परदेशी पत्रे उघडणारा एक गुप्त विभाग होता आणि तो १८४४ पर्यंत टिकला. मात्र युद्धकाळात फ्रेंच सैन्यातला अधिकारी लंडनला सरळ टपालाने पत्र धाडणार नाही. त्यासाठी केंटच्या किनाऱ्यावरचे चोरटे व्यापारी सोयीचे पडतील. नेपोलियनने १८१० पासून त्यांना आधी डंकर्क आणि नंतर ग्राव्हलीन या फ्रेंच बंदरांत उतरण्याची चक्क परवानगी दिली होती, कारण ते इंग्लंडमधून सोन्याच्या गिनी, वर्तमानपत्रे आणि बातम्या आणत. परतताना ब्रँडी आणि लेस यांच्याबरोबर एखादा लाखोटा आणणे त्यांना अवघड नव्हते. म्हणजे आपल्या नायकाला टपाल कचेरीत बसून काम भागणार नाही. केंटमधल्या डील गावच्या किनाऱ्यावरचा नावाडी किंवा घरातला एखादा नोकर त्याला फितवावा लागेल, आणि मग त्याचा अपराध अधिक जवळचा, अधिक मलिन होईल. हे कथेच्या फायद्याचेच आहे.

शेवंती_८:
आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जीव वाचवणे हे विश्वासघाताचे उत्तर होऊ शकत नाही, कारण त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नाही. बुडणाऱ्या अनोळखी माणसालाही कोणी वाचवतो. त्याने तिचा निर्णय घेण्याचा अधिकार हिरावून घेतला आहे, तेव्हा परतही तोच करायला हवा.

यासाठी त्या काळचा विवाहाचा कायदा विचारात घ्या. लग्न झाले की इंग्रज कायद्यात स्त्रीचे वेगळे अस्तित्व जवळजवळ उरत नसे. तिच्या पेटीतल्या चीजवस्तूही नवऱ्याच्या होत आणि घटस्फोटासाठी थेट पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. ज्याने तिची पत्रे चोरून वाचली, त्याच्याच हाती ती कायद्याने स्वतःला सोपवणार आहे. म्हणून कबुली मागणी घालण्यापूर्वी यायला हवी, तीही पकडला गेल्यामुळे नव्हे, तर आपण होऊन. त्या काळी पाकिटे नसत. कागदाचीच घडी घालून त्यावर लाखेची मोहोर उठवत. समजा, तिच्या लक्षात आले आहे की भावाच्या मोहोरेखाली लाखेचा आणखी एक पातळ थर आहे आणि त्याचा रंग किंचित गडद आहे. ती काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी तो आपण केलेल्या सगळ्या नकला तिच्यासमोर टेबलावर ठेवतो. तिला आधीच कळले होते हे त्याला ठाऊक नाही, पण वाचकाला ठाऊक आहे. त्या एका रात्रीत त्याने कबुली दिली नसती तर ती कायमची दूर गेली असती, हा ताण मला कोणत्याही तलवारबाजीपेक्षा मोलाचा वाटतो.

आणखी एक. तिच्या निष्ठा दोनच आहेत असे समजू नका. वडिलांची निष्ठा फ्रान्सच्या राजाशी, भावाची सम्राटाशी. आणि कुटुंब जगले ते निर्वासितांना इंग्रज सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्यावर. खाल्ल्या मिठाला जागायचे तर भावाचे काय, हा प्रश्न तिला नायक भेटण्यापूर्वीपासून छळत असणार. तीही दोन डगरींवर हात ठेवून उभी आहे हे ओळखले, तर तो नुसता अपराधी आणि ती नुसती निष्पाप राहणार नाही.

कूटलिपी:
शेवंतीताईंचे म्हणणे मान्य, पण हेराची बाजूही खरी आहे. अशा कथांमध्ये कर्तव्य म्हणजे प्रेमातला निव्वळ अडथळा ठरते. १८१२ मध्येच स्पेनच्या मोहिमेत जॉर्ज स्कोव्हेल या अधिकाऱ्याने सुमारे १४०० अंकांची फ्रेंच कूटलिपी पकडलेल्या पत्रांवरून हळूहळू उलगडली. पत्र वाचणे म्हणजे रणांगणावरची माणसे वाचवणे, हे तेव्हा शब्दशः खरे होते. भावाच्या पत्रात पलटणीच्या हालचालीचे एक वाक्य असेल आणि नायकाने ते दडवले, तर त्याची किंमत कोणी तरी अनोळखी शिपाई मोजेल. प्रेमापोटी त्याने ते दडवावे आणि लेखिकेने त्याचे कौतुक करावे, हे मला अजिबात पटणार नाही.

कोल्हून ग्रँटचे उदाहरण उपयोगी पडेल. स्पेनमधल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती वेलिंग्टन याचा हा टेहळणी अधिकारी गणवेशातच फिरे, कारण साध्या वेशात सापडला तर हेर म्हणून फाशी ठरलेली. एप्रिल १८१२ मध्ये पकडला गेल्यावर त्याने पळून न जाण्याचा शब्द दिला. फ्रेंच आपल्याशी दिलेल्या शब्दाप्रमाणे वागणार नाहीत हे कळल्यावरच त्याने स्वतःला त्यातून मोकळे मानले आणि थेट पॅरिसमध्ये राहून बातम्या पाठवल्या. शब्दाला एवढे वजन असलेल्या जगात आपला नायक गणवेशाशिवाय, खोट्या मैत्रीच्या आडून काम करतो. त्याची लाज त्याला आतून खात असेल, तर कबुलीचे कारण प्रेमाच्याही आधीचे ठरेल.

दौत_आणि_टाक:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. जीव वाचवण्याचे प्रकरण मी काढून टाकले आहे. युद्धाशी संबंधित मजकूर नायकाने वरिष्ठांना आधीच दिलेला असेल आणि तेही तो तिच्यापासून लपवणार नाही. आपली उत्तरे वाचून तारखा तपासताना एक योगायोग हाती लागला: २२ जुलै १८१२ रोजी स्पेनमध्ये वेलिंग्टनने फ्रेंचांना हरवले ती सालामांकाची लढाई झाली आणि त्याच दिवशी लंडनजवळच्या बार्न्स येथे निर्वासित फ्रेंच उमराव व मुरलेला हेर काउंट द'आँत्रेग आणि त्याची पत्नी यांचा त्यांच्याच नोकराने खून केला. लंडनच्या फ्रेंच घरांत त्यानंतर प्रत्येक जण आपल्या नोकराकडे संशयाने पाहत असणार. माझी नायिकाही पाहील, आणि मग तिची नजर त्या गडद लाखेवर जाईल. कबुली दुसऱ्या दिवशी. सालामांकाचा निकाल लंडनला पोहोचायला ऑगस्ट उजाडला, तेव्हा स्पेनमध्ये लढणारा भाऊ जिवंत आहे की नाही हे माहीत नसतानाच तिला नायकाला उत्तर द्यावे लागेल.