मदत हवी आहे: पगारदार माणसाने लूक 14:33 कसं पाळायचं?

आमच्या चर्चच्या तरुण संघात बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा अभ्यास चाललाय. सर्वस्वाचा त्याग केल्याशिवाय शिष्य होता येत नाही, या वचनावर गाडी अडलीय. बहुतेक जण एमआयडीसीत कामाला, डोक्यावर घराचे हप्ते, घरात म्हातारे आईवडील. पाळकसाहेब म्हणतात, मनाने सोडा. पोरांना ती पळवाट वाटते (मलाही, खरं तर). ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, हे सांगून पाहिलं. ‘ते टिळक होते!’ लूकमधल्याच जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धीच मालमत्ता दिली, यावरही बोलून झालं.

दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देतोच, तो सोडून सांगा. नोकरी सोडणं शक्य नाही. पगार, वेळ, घर यांबाबत तुम्ही प्रत्यक्ष कोणता नियम पाळता? आणि घरचे तयार नसतील तर?