केनिया ग्रुप: सात जागा, आठ रात्री आणि देशपांडे काकांची लस

ग्रुपचं नाव: केनिया – फक्त नक्की येणारे
रविवार सकाळ

निखिल (बी-५०२): नमस्कार मंडळी. मेन ग्रुपवर टँकरच्या भांडणात आपलं काहीच दिसत नव्हतं, म्हणून हा वेगळा ग्रुप. सध्या ११ जण. टूरवाल्याचा प्लॅन आलाय, ८ रात्रींचा: नैरोबी १, अंबोसेली १, नैवाशा १, नाकुरू १, मसाई मारा २, आणि टांझानियात सेरेंगेटी १, न्गोरोंगोरो १. वाचून मत द्या.

सुलभा काकू (ए-१०१): छान आहे. सगळं बघून होतंय एका खेपेत.

अभय (सी-३०४): एक नंबर. दोन देश, सात जागा. पैसा वसूल.

देशपांडे काका (ए-४०३): यातल्या कुठल्या जंगलात वाघ आहे?

निखिल: काका, आफ्रिकेत वाघ नसतो.

देशपांडे काका: मग एवढं लांब कशाला? ताडोबा रात्रीच्या गाडीवर आहे.

मीनल (बी-२०१): काका, वाघासाठी ताडोबाच, त्यात वाद नाही. पण तिथे आपण चार तास बांबू बघतो आणि चार मिनिटं वाघ. माऱ्यात उघडं माळरान आहे. डोळ्यांसमोर हत्ती चरतायत, मागे जिराफ, बाजूला तरस लोळत पडलेलं. इथे ‘दिसेल का’ असा प्रश्नच पडत नाही, कुठे बघू असं होतं.

शिरीष (सी-२०१): हा मेसेज डिलीट केला.

शिरीष: सॉरी, शुभ सकाळचं गुलाबाचं फूल चुकून इकडे आलं.

मीनल: निखिल, आता प्लॅनबद्दल. वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे वाचून मला आमचीच २०१९ ची ट्रिप आठवली. कंपनीचं नाव घेत नाही. आठ दिवसांत सहा जागा दाखवल्या. माझ्याकडे आज सगळ्यात जास्त फोटो कसले आहेत, सांगू? रस्त्यातल्या पेट्रोल पंपांचे. रोज सकाळी सहाला बॅगा गाडीत, दुपारी तीनला नवीन लॉज, घाईघाईने एक फेरी, झोप. प्राणी फिरतात सकाळी सहा ते नऊ, तेव्हा आम्ही हायवेवर. दुपारी सगळे झाडाखाली आडवे, तेव्हा आम्ही जंगलात. एके ठिकाणी एकच रात्र म्हणजे तिथली पहाट बॅगा भरण्यात जाते. मला या ग्रुपवर एवढंच सांगायचंय. बाकी पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

अभय: पण मारा आणि सेरेंगेटी तर नकाशावर चिकटून आहेत. एकच जंगल ना?

मीनल: जंगल एकच, प्राण्यांना. आपल्याला नाही. मधली हद्द पर्यटकांच्या गाड्यांना बंद आहे. इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालायचा, तिथे इमिग्रेशनचा शिक्का, केनियाची गाडी सोडून टांझानियाची गाडी धरायची. अख्खा दिवस गेला समज. व्हिसाही वेगळा. केनियाला २०२४ पासून व्हिसा नाही, ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी काढायची. आणि तो पूर्व आफ्रिकेचा १०० डॉलरचा एकत्र व्हिसा असतो, त्यात केनिया, युगांडा, रवांडा आहेत. टांझानिया त्यात नाही.

अभय: न्गोरोंगोरो सोडायला जीवावर येतंय पण. ज्वालामुखीच्या तोंडात उतरून सफारी!

मीनल: अरे जागा अप्रतिमच आहे. ६०० मीटर खोल, तळ २६० चौरस किलोमीटरचा, आणि एवढ्या प्राण्यांत जिराफ एकही नाही, कारण कडे इतके उभे की ते उतरतच नाहीत. पण त्यासाठी टांझानियाची वेगळी ट्रिप कर, फेब्रुवारीत. तेव्हा सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूच्या बाजूला वाइल्डबीस्टची, म्हणजे त्या गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांची पिल्लं जन्मतात. तिथल्या जमिनीत ज्वालामुखीची राख आहे, आखूड गवत कसदार, म्हणून कळप विणीला तिथेच जमतात. ते गवत संपलं की पावसामागे उत्तरेला चालायला लागतात आणि जुलै ते ऑक्टोबर माऱ्यात येतात. एका रात्रीत धावती भेट देऊन न्गोरोंगोरोचा अपमान नको करू.

अभय: बरं. न्गोरोंगोरो बायकोच्या पन्नाशीला.

तन्वी (बी-३०३): मीनल, मे महिन्यात नाही का जमणार? ओमला सुट्टी असते आणि दरही कमी दिसतायत.

मीनल: दर उगाच कमी नाहीत गं. मार्च ते मे त्यांचा मोठा पावसाळा. माऱ्यातली जमीन म्हणजे आपली सोलापूरकडची कापसाची काळी जमीन. तिथले ड्रायव्हरही तिला ‘ब्लॅक कॉटन सॉइल’च म्हणतात. ओली झाली की फोर बाय फोरसुद्धा रुतते. गवत कमरेएवढं, त्यात सिंह बसला तर कान दिसतील.

निखिल: म्हणून मी गणपतीनंतरचं बघतोय. अनंत चतुर्दशी झाली की दोन दिवसांनी निघायचं. कळप तेव्हा माऱ्यात असतात आणि इकडे पितृपक्षामुळे विमानाला गर्दी कमी.

सुलभा काकू: पितृपक्षात?? आमच्याकडे सासूबाईंची अविधवा नवमी असते.

निखिल: काकू, दशमीला आपण परत. सर्वपित्रीला नाही का करता येत?

सुलभा काकू: येतं. पण गुरुजींना विचारते आधी. तुम्ही मुलं परस्पर ठरवू नका.

तन्वी: ओमची सहामाही दसऱ्यानंतर आहे, डायरीत बघितलं. फक्त आठवडाभर शाळा बुडेल. वर्गशिक्षिकांना मी खरंच सांगणार आहे, ताप वगैरे नाही.

शिरीष: आता पैशांचं बोलू. माऱ्याचं प्रवेश शुल्क एवढं? मला वाटलं टायपो आहे.

मीनल: टायपो नाही. परदेशी पाहुण्याला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. म्हणजे आपल्या वेळी मोठ्या माणसाला दिवसाला सतरा हजारांच्या वर. आणि तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६, चोवीस तासांचं नाही. दुपारी तीनला गेटवर पोचून आत शिरलात की तीन तासांसाठी पूर्ण २०० गेले.

शिरीष: मग तीनला शिरायचंच कशाला?

मीनल: अगदी बरोबर, शिरायचंच नाही. लॉज गेटच्या बाहेर घ्यायचं. पहिल्या संध्याकाळी नुसता चहा आणि आराम. दुसऱ्या दिवशी सहाला गेट उघडलं की आत, जेवणाचे डबे बरोबर, सहाला बाहेर. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी सकाळी नैरोबी. तीन रात्री, पण तिकिटं दोनच. आतल्या लॉजला तेवढ्याच मुक्कामाला तीन लागली असती, वर शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडायची घाई. तोटा एकच, कळप ओलांडतात ती मारा नदी गेटपासून लांब पडते. पण दिवस आख्खा हातात असतो.

शिरीष: माणशी २०० डॉलर वाचले. मीनलताईंना पुढच्या एजीएममध्ये खजिनदार करा.

मीनल: नको. टँकरचं बिल तुम्हीच बघा.

शिरीष: पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापला जाईल, तो रिटर्नमध्ये वळता करून घ्यायचा. सर्टिफिकेट मागून ठेवा, नंतर मला रात्री अकराला फोन करू नका.

तन्वी: कळप नदी ओलांडताना नक्की दिसतील ना? ओम फक्त मगरींसाठी येतोय.

मीनल: नक्की कोणीच सांगू शकत नाही, आणि जो टूरवाला सांगतो त्याच्यापासून जपून. कळप काठावर येतो, तीन तास उभा राहतो, पुढची चार जनावरं पाण्यात पाय घालतात आणि सगळे उलटे वळून चरायला जातात. आमचं तसंच झालं. दुसऱ्या दिवशी ध्यानीमनी नसताना दहा मिनिटांत शेकडो उतरले. म्हणून तर दोन पूर्ण दिवस हवेत.

ओम (तन्वीच्या फोनवरून): चित्ता दिसेल का? बिबट्या नको, तो आपल्याकडे पण येतो.

मीनल: माऱ्यात चित्ता दिसायची शक्यता चांगली आहे रे. डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असली की चित्ता. कुनोत २०२२ ला नामिबियातून ८ आणले ना, तेच जनावर, पण इथे मोकळ्या माळावर. बिबट्या मात्र झाडावर शोधायचा, फांदीखाली शेपूट लोंबते का बघायचं.

निखिल: म्हणजे नवीन प्लॅन असा लिहू? नैरोबी १, अंबोसेली २, नैवाशा २, मारा ३. आठच रात्री. नाकुरूला मुक्काम नाही, नैवाशाहून एक दिवस जाऊन येऊ, गेंड्यांसाठी.

मीनल: हो. नाकुरूला काळा आणि पांढरा दोन्ही गेंडे आहेत. पण रोहित पक्ष्यांचे ते गुलाबी फोटो बघून जाऊ नका. तळ्याचं पाणी वाढत गेलं, खारटपणा कमी झाला, त्यांचं शेवाळं गेलं, बरेच पक्षी बोगोरिया तळ्याकडे गेले. गुलाबी रंग बघायचा तर भिगवण आहेच.

सुलभा काकू: अंबोसेलीला दोन रात्री कशाला? छोटं आहे ना ते?

मीनल: ३९२ चौरस किलोमीटर, छोटंच. पण काकू, किलिमांजारो तिथून दिसतो, ५८९५ मीटर. डोंगर टांझानियाचा, देखावा केनियाचा. तो पहाटे आणि संध्याकाळी उघडतो, दिवसभर ढगात. एकच पहाट घेतली आणि ढग असले तर गेला. त्याचं पाणी जमिनीखालून येऊन तिथे दलदल होते आणि हत्ती तिच्यात पोटापर्यंत उभे असतात. १९७२ पासून सिंथिया मॉस आणि त्यांचे सहकारी त्या हत्तींचा अभ्यास करतायत, एकेका हत्तिणीला नाव, आजी-पणजीसकट वंशावळ. धूळ मात्र बेकार. दम्यावाल्यांनी मास्क घ्या.

सुलभा काकू: मी चिवडा, शंकरपाळे, मेतकूट करून देते सगळ्यांसाठी. पाव-पाव किलोच्या पिशव्या भरते.

मीनल: काकू पिशव्या नको!! केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे. आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलचे डबे भरा, स्टीलच्या बाटल्या घ्या.

सुलभा काकू: डबे माझ्याकडे भरपूर आहेत. परत मिळाले पाहिजेत, झाकणासकट.

निखिल: जेवणाचं काय? आमच्यात चार शाकाहारी.

मीनल: काळजी नको. गुजराती लोक तिथे कित्येक पिढ्या आहेत, लॉजच्या बुफेत डाळ-भात असतोच. तिथल्या स्वाहिली भाषेत चपातीला चपाती, दुकानाला दुका, गाडीला गारी आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबारी म्हणतात. उगाली घेऊन बघा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, बरोबर सुकुमा विकीची पालेभाजी. मला आवडली. नवऱ्याने मेतकूट-भात खाल्ला.

तन्वी: एक विचारू? दिवसभर गाडीत, तर बायकांनी करायचं काय?

मीनल: विचारलंस ते बरं झालं, एरवी कोणी बोलत नाही. गेटवर, धावपट्ट्यांपाशी स्वच्छतागृहं असतात, ड्रायव्हरला अर्धा तास आधी सांगायचं. मनाने गाडीतून उतरायचं नाही, कितीही सामसूम दिसली तरी. आणि ‘पाणी कमी पिते’ हा उपाय करू नका, डोकं दुखतं.

अभय: ड्रोन आणू का माझा?

मीनल: घरी ठेव. परवानगीशिवाय विमानतळावरच काढून घेतात. आणि निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते. पहाटे थंडी वाजते, मारा १५०० मीटरच्या वर आहे. स्वेटर घ्या.

निखिल: गाड्या दोन लँड क्रूझर. ६ आणि ५. छत वर उघडणाऱ्या, प्रत्येकाला खिडकी. व्हॅन स्वस्त पडते, पण नको म्हणालो.

डॉ. वैशाली (सी-१०२): एक महत्त्वाचं राहिलं. यलो फीव्हरची लस. केनियाहून परतताना पिवळं पुस्तक, म्हणजे लसीचं सर्टिफिकेट नसेल तर इकडे विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. एकदा घेतली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या गोळ्यांचं प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारा.

डॉ. वैशाली: आणि देशपांडे काका, तुमचं वेगळं आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी जास्त असते. शिवाय ही जिवंत विषाणूची लस. तुम्ही संधिवाताच्या गोळ्या घेता, त्यातल्या काहींबरोबर ती देत नाहीत. फाइल घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा. त्याआधी तिकिटाचे पैसे भरू नका. सुलभा काकू, तुम्हीही विचारून घ्या.

देशपांडे काका: म्हणजे वाघही नाही आणि मीही नाही?

डॉ. वैशाली: असं नाही म्हटलं काका. आधी विचारू तर.

निखिल: काका, टूरवाल्याला मी दहा दिवस थांबवलंय. तोपर्यंत कोणीच पैसे भरत नाही. नाहीच जमलं तर नंतर आपण सगळे ताडोबा करू, हे माझ्याकडून.

शिरीष: ताडोबाला मी येणार. तिथे डॉलर लागत नाहीत.

सुलभा काकू: गुरुजी म्हणाले सर्वपित्रीला चालेल.

देशपांडे काका: गुरुवारी संध्याकाळी साडेसहाची अपॉइंटमेंट घेतली आहे. तोपर्यंत खिडकीची एक सीट धरून ठेवा.

तन्वी: काका, सगळ्याच खिडकीच्या आहेत.

देशपांडे काका: मग डाव्या बाजूची.