सेंच्युरियन रणगाड्यासाठी सैनिकांच्या आकृत्या

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे): नमस्कार. १९७१ च्या भारत-पाक युद्धातील बसंतरच्या लढाईतील भारतीय सेंच्युरियन रणगाड्याची प्रतिकृती मी १/३५ प्रमाणात (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी) बांधत आहे. रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या कृत्रिम राळेच्या) काही सुबक आकृत्या माझ्याकडे आहेत, परंतु त्या १/३२ प्रमाणातील आहेत. त्या चालतील का?

उत्तर (वाशी): माझ्या मते चालणार नाहीत. १७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस १/३५ मध्ये ५० मिलिमीटरचा होतो आणि १/३२ मध्ये जवळजवळ ५५ मिलिमीटरचा. जमिनीवर थोड्या अंतरावर उभा केल्यास हा फरक कदाचित खपून जाईल, परंतु बुरुजाच्या (रणगाड्याच्या वरच्या फिरत्या भागाच्या) झडपेतून बाहेर डोकावणाऱ्या कमांडरचे खांदे आणि डोके लगेच खटकतात, कारण तिथे नजरेला झडपेचे माप शेजारीच मिळते.

उत्तर (घोडबंदर रोड): सहमत. १/३५ चे प्लॅस्टिक सैनिक घेऊन त्यांत बदल करावेत. शीख सैनिक दाखवायचा असल्यास डोक्यावरील टोपी घासून काढून इपॉक्सी पुट्टीच्या (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या लांबीच्या) पातळ पट्ट्यांनी पगडीचे पेच एकावर एक बसवावेत. हे काम फार समाधान देते. रेझिनचे भाग जोडायचे झाल्यास प्लॅस्टिक जोडायचे सिमेंट (गोंद) उपयोगी पडत नाही, सुपरग्लूच लागतो, आणि घासताना पॉलिशपेपर ओला ठेवून मास्क अवश्य लावावा, कारण ती धूळ फुफ्फुसांना घातक असते.

उत्तर (नेरुळ): एक पुस्ती जोडतो. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत मॅट वार्निशचा स्प्रे पांढरट पडू शकतो, म्हणून शेवटचा थर कोरड्या दिवशीच द्यावा.